ढोलाची मातृभाषा

देवापुढे वाद्य का वाजवावे, ह्या प्रश्नाचा खल आपल्याकडे कोणी करीत बसत नाही. पहाटे चौघडा झडावा, आरतीला झांज असावी, पालखीपुढे वाजंत्री चालावेत, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते नसले म्हणजेच त्याची जाणीव होते. आपल्याहून सर्वस्वी निराळ्या अशा एका समाजाने हीच श्रद्धा मायभूमीपासून हजारो मैलांवर आणि पिढ्यानपिढ्या जपली आहे. ती जपताना त्याच्या हाती काय राहिले आणि हातून काय निसटले, ह्याची हकीगत आम्ही ह्या लेखात सांगणार आहोत. परप्रांतात तीन-तीन, चार-चार पिढ्या घालविलेल्या आमच्या वाचकांना ही हकीगत परकी वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

चीनच्या क्वांगतुंग प्रांताच्या पूर्व टोकास हान नदीच्या मुखाचा सुपीक प्रदेश आहे. चाओचौ, शांतौ आणि च्येयांग ही तेथील मुख्य शहरे. चाओचौ ह्या नावाचा तेथील बोलीतील उच्चार ‘तिओच्यू’ असा होतो, आणि ह्याच नावाने तेथील लोक जगभर ओळखले जातात. राहतात क्वांगतुंगमध्ये, पण बोली मात्र त्या प्रांतातील इतरांची नव्हे. शेजारच्या फूच्येन प्रांतातील दक्षिण मिन बोलींशी तिचे सख्खे नाते. आपल्याच प्रांतात बोलीने वेगळे पडलेले हे लोक पाककलेसाठी, चहाच्या षोकासाठी, नाटकासाठी आणि विशेषतः वाद्यांसाठी प्रसिद्ध आहेत.

जमीन थोडी आणि तोंडे फार, हे ह्या प्रदेशाचे जुने दुखणे. त्यामुळे अठराव्या शतकापासूनच येथील माणसे समुद्रमार्गे दक्षिणेकडे जाऊ लागली. क्वांगतुंगच्या जहाजांची नाळ तांबड्या रंगाने रंगवावी असा राजाचा हुकूम होता. म्हणून ‘लाल तोंडाची जहाजे’ हे शब्द तिओच्यू लोकांच्या आठवणीत कायमचे कोरले गेले. चांगलिन बंदरातून ही जहाजे सयामकडे जात. पुढे १८६० साली शांतौ बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि ह्या ओघाला पूर आला. सयाम, मलाया, सिंगापूर, कंबोडिया, व्हिएतनाम, जिकडे काम तिकडे ही माणसे गेली. १७६७ ते १७८२ ह्या काळात सयामच्या गादीवर असलेल्या राजा ताकसिनचे वडील तिओच्यू होते. आज थायलंडमधील चिनी वंशाच्या लोकांत तिओच्यूंची संख्या सर्वांत मोठी आहे, आणि सिंगापूरच्या चिनी लोकांत त्यांचा क्रम दुसरा लागतो. ह्या माणसांनी घरी धाडलेली पैशांसह पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. २०१३ साली युनेस्कोने परदेशस्थ चिनी लोकांच्या अशा पत्रांची नोंद ‘जगाची स्मृती’ ह्या सूचीत केली. पत्रे घराकडे गेली. घराकडून जे आले, त्यात सर्वांत आधी आले देव, आणि देवांच्या मागोमाग त्यांची वाद्ये.

गजराशिवाय देव नाही

सिंगापूरच्या व्यापारी पेठेत, उंच इमारतींच्या गर्दीत, फिलिप स्ट्रीटवर यूए हाय चिंग नावाचे एक बैठे, कौलारू मंदिर आहे. एकाच अंगणात दोन देवळे शेजारीशेजारी उभी आहेत. एकात समुद्राची देवी माझू, दुसऱ्यात श्वेन-थिएन शांग-दी हा उत्तर दिशेचा अधिपती. तिओच्यू लोक ह्या दुसऱ्या देवाला आपुलकीने ‘तुआ लाऊ या’, म्हणजे ‘थोरले मालक’ असे म्हणतात. ताओ पंथाचे हे मंदिर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. त्या काळी समुद्र त्याच्या अगदी जवळ होता. वादळातून जीव वाचवून किनाऱ्याला लागलेला खलाशी आणि मजूर पहिल्यांदा येथे येई, माझूपुढे उदबत्ती लावी आणि मग पोटापाण्याच्या शोधाला निघे. पुढे भर टाकून समुद्र मागे हटविला गेला. देवी मात्र जागेवरच राहिली. १८४५ साली स्थापन झालेली न्गी आन कोंग्सी ही तिओच्यूंची धर्मादाय संस्था ह्या मंदिराची व्यवस्था पाहते. १९९६ साली त्यास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

अशा मंदिरांचे उत्सव चांद्र तिथीप्रमाणे होतात. तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला थोरल्या मालकांचा जन्मदिवस, त्याच महिन्याच्या तेविसाव्या दिवशी माझूचा. मायभूमीच्या खेड्यांतून पहिल्या महिन्यात ग्रामदेवतांच्या पालख्या निघतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. दक्षिण मिन बोलींत अशा उत्सवी वातावरणाला जो शब्द आहे, त्याचा अक्षरशः अर्थ ‘गलबला आणि ऊब’ असा होतो. उत्सव चांगला झाला किंवा नाही, हे मोजण्याचे हेच माप. शांततेत उरकलेला उत्सव हा त्यांच्या मते उत्सवच नव्हे; देवाला ती उपेक्षा वाटावी. आपला ‘गजर’ हा शब्द ह्या कल्पनेच्या फार जवळचा आहे. वाद्यांच्या आवाजाने वाट मोकळी होते, अमंगळ दूर पळते आणि देव निघाले आहेत ही वर्दी घरोघर पोहोचते. ही सारी कामे ज्या वाद्यमेळाकडे सोपविलेली आहेत, त्याचे नाव तिओच्यू महाढोल-घंटा वादन. चिनी भाषेत त्याला ‘चाओचौ ता-लुओ-कू’ म्हणतात.

वाद्यमेळ

ह्या मेळाचा राजा ढोल. लाकडी, फुगीर पोटाचा, दोन्ही बाजूंनी कातड्याने मढविलेला हा मोठा ढोल बैठकीत घोडीवर आणि मिरवणुकीत चाकांच्या गाड्यावर ठेवलेला असतो. वादक दोन जाड टिपऱ्यांनी तो वाजवितो. मध्यभागी मारलेला घाव खोल आणि गंभीर उमटतो, कडेला मारलेला कोरडा आणि कडक. नुसत्या घावांच्या जागा बदलून, टिपरी कातड्यावर दाबून धरून, कधी ढोलाच्या लाकडी अंगावर आघात करून तो नाना तऱ्हेचे ध्वनी काढतो.

परंतु वाजविणे हे त्याचे अर्धेच काम होय. मेळातील प्रत्येकाचे डोळे त्याच्या हातांकडे लागलेले असतात. हात किती वर उचलला, टिपरी हवेत कोठे थांबली, मान कोणत्या बाजूला वळली, ह्यावरून घंटावाल्याने कधी घाव घालावा आणि झांजवाल्याने कधी गप्प बसावे हे ठरते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हातात छडी घेऊन उभा राहणारा एक स्वतंत्र संचालक असतो. येथे ढोलवादक हाच संचालक. आपल्याकडील भजनात पखवाजी नुसता साथीला नसतो, दिंडीच्या पावलांची गती त्याच्या हातात असते. त्या अधिकाराचेच हे अधिक विस्तारलेले रूप म्हणावयास हरकत नाही.

ढोलाच्या भोवती पितळी घंटांचा परिवार असतो. येथे घंटा म्हणजे काठीने वाजविण्याची थाळीसारखी सपाट घंटा. त्यांत ‘शेन-बो’ नावाची एक घंटा खास तिओच्यूंची. तिचा काठ खोल आणि आवाज मंद्र, एखाद्या विहिरीच्या तळातून यावा तसा. तिच्या जोडीला लहानमोठ्या घंटा अनेक, आणि दोन-तीन आकारांच्या झांजा. मोठ्या मिरवणुकीत घंटावाल्यांच्या लांबच लांब ओळी चालतात, आणि त्यांच्या पुढे तरुण मुली भरजरी पताका खांद्यावर घेऊन निघतात. ह्या धातूच्या गर्जनेवरून सूर वाहून नेण्याचे काम सुओनाचे. सुओना ही आपल्या सनईची बहीण. फारसी ‘सुर्ना’ ह्या शब्दावरून तिचे नाव पडले असे मानतात. पश्चिम आशियातून निघालेली ही बहीण उत्तरेच्या वाटेने चीनमध्ये पोहोचली आणि तेथील देवांच्या पालखीपुढे वाजू लागली.

ध्वनिमुद्रणे लक्षपूर्वक ऐकली असता एक गोष्ट ध्यानात येते. प्रथम हा केवळ कल्लोळ भासतो. हळूहळू कळू लागते की घंटांचे घाव वाक्यांप्रमाणे बांधलेले आहेत. त्यांना स्वल्पविराम आहेत, पूर्णविराम आहेत, आणि ढोल हा त्या वाक्यांचा कर्ता आहे.

बसलेले वादन, चाललेले वादन

ह्या वादनाचे दोन प्रकार. एक बैठकीचे आणि एक रस्त्याचे. रस्त्याच्या वादनात चाल साधी आणि आवर्तन लांब असते. पालखीबरोबर तासन्‌तास चालावयाचे असल्याने ती पुन्हापुन्हा फिरविता येते. बैठकीच्या वादनात मात्र मोठ्या रचना येतात. परंपरेने अशा अठरा थोर रचना मानलेल्या आहेत. त्यांतील बहुतेक जुन्या नाटकांतून आणि इतिहासकथांतून घेतलेल्या. सेनापती क्वान यू पाच खिंडी ओलांडून आपल्या मानलेल्या भावाकडे कसा परतला, ही ‘तीन राज्ये’ ह्या कथेतील घटना एका रचनेत आहे. क्वान यू हा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला ऐतिहासिक योद्धा. पुढे तो देव झाला आणि निष्ठेचे प्रतीक म्हणून ताओ मंदिरांत त्याची पूजा होऊ लागली. म्हणजे मंदिरात ज्याची मूर्ती, त्याचीच कथा अंगणात ढोल सांगतो. दुसऱ्या एका रचनेत कोळ्यांनी जाळे टाकून मासे पकडण्याचे चित्र आहे. हीच रचना १९५७ साली मॉस्को येथील जागतिक युवक महोत्सवात सादर झाली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. ग्रामदेवतेच्या अंगणातले वाद्य त्या दिवशी जगाच्या व्यासपीठावर उभे राहिले.

येथे ही विद्या शिकविण्याच्या रीतीविषयी सांगितले पाहिजे, कारण ह्या लेखाचे मर्म तिच्यात आहे. चिनी घंटा-ढोलाचे वादन मुखाने शिकवितात. प्रत्येक घावाला एक अक्षर ठरलेले असते. शिष्य प्रथम अक्षरे तोंडाने म्हणतो आणि ती पक्की झाल्यावर टिपरी हातात घेतो. तबल्याचे आणि पखवाजाचे बोल ज्यांनी पाठ केले आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. सुरांसाठीही तिओच्यूंची स्वतःची एक जुनी लिपी आहे. तीत स्वरांना दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ असे आकडे आहेत. आरंभ दोनपासून, एकपासून नव्हे. हे आकडे तिओच्यू बोलीतच उच्चारावयाचे. तीन आणि सहा हे स्वर हलक्या बोटाने दाबले तर एक भाव, जोराने दाबले तर दुसरा. आणि पाच हा स्वर हलता, कंपित ठेवला की करुण रस उभा राहतो. कागदावर आकडा तोच. बोटाचा दाब बदलला की रस बदलतो. हे कागदावरून कळत नाही, गुरूच्या तोंडून आणि हातून कळते. तात्पर्य, ह्या संगीताचे व्याकरण बोलीत आहे.

पाच देव आणि एक मिरवणूक

हे वादन परदेशात कसे रुजले, ह्याचे सर्वांत चांगले उदाहरण मलेशियातील जोहोर बारू येथे पाहावयास मिळते. एकोणिसाव्या शतकात जोहोरच्या राज्यकर्त्यांनी जंगल साफ करून काथाची आणि मिऱ्यांची लागवड करण्यासाठी चिनी कष्टकऱ्यांना आणले. त्यांत तिओच्यू पुष्कळ होते. इतके की गावाला ‘धाकटे शांतौ’ असे नाव पडले. तान ह्योक नी हा त्यांचा पुढारी. त्याच्या नावाचा रस्ता आजही त्या शहरात आहे. ह्या वसाहतीच्या काळातच, सुमारे १८७० साली, तेथे एक मंदिर उभे राहिले. त्यात पाच देव आहेत, आणि प्रत्येकाची सेवा एकेका बोलीच्या लोकांकडे आहे : तिओच्यू, होक्येन, हाक्का, कँटोनी आणि हैनानी. त्यांतील मुख्य देव, म्हणजे वर सांगितलेले थोरले मालक, तिओच्यूंकडे.

दरवर्षी पहिल्या चांद्र महिन्यात हे पाचही देव पालख्यांत बसून नगरप्रदक्षिणेला निघतात. मुख्य मिरवणूक एकविसाव्या रात्री निघते आणि उजाडेपर्यंत चालते. हैनानींचा देव सर्वांच्या पुढे, आणि थोरले मालक सर्वांच्या शेवटी. मानाची जागा शेवटची. लाखो लोक रस्त्यांच्या कडेला उभे असतात. प्रत्येक गटाची वाद्ये निराळी, नाच निराळे. कँटोनी, हाक्का, होक्येन असे करीत गट पुढे सरकतात, आणि सरतेशेवटी शेन-बोचा तो खोल नाद दुरून ऐकू येऊ लागतो. तिओच्यू आजीने डोळे मिटले तरी आपली पालखी आली हे तिला समजते. पाच बोलींच्या शहरात प्रत्येकाला आपली ओळख एकाच वेळी सांगावयाची असेल तर ती शब्दांनी कशी सांगणार? तेथे वाद्य हीच बोली होते.

दुसरा मोठा प्रसंग नवव्या चांद्र महिन्याचा. सिंगापूर, मलेशिया आणि दक्षिण थायलंडमध्ये पहिले नऊ दिवस ‘नऊ सम्राटदेवां’चा उत्सव असतो. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो ते सात तारे आणि दोन न दिसणारे, असे हे नऊ भाऊ. त्यांची आई ही त्या तारकासमूहाची देवी. भक्त पांढरी वस्त्रे नेसतात, नऊ दिवस शाकाहार पाळतात. देव समुद्रावरून वा नदीवरून येतात असे मानतात, म्हणून पालख्या पाण्याकाठी नेऊन त्यांना बोलावून आणावयाचे आणि नवव्या रात्री पुन्हा पाण्यावर पोहोचवावयाचे. देव पालखीत आले की पालखी हिंदकळू लागते. खांदेकऱ्यांना ती आवरत नाही. हा उत्सव केवळ तिओच्यूंचा नव्हे. पण सिंगापुरात त्याच्या मिरवणुकींत वाजतो तो बहुधा तिओच्यू ढोल. दुसऱ्यांच्या देवानेही आपलेसे केलेले हे वाद्य आहे.

सिंगापुरातील हौगांग भागात ह्या देवांचे १९२१ साली बांधून झालेले तौ मू कुंग नावाचे मंदिर आहे. त्याच्यासमोर एक कायमचा रंगमंच आहे. रंगमंचाचे तोंड देवळाकडे, कारण नाटकाचा पहिला प्रेक्षक देव. नाटकाआधी शुभारंभाचे छोटे प्रवेश करावयाचे, आठ सिद्धांनी दीर्घायुष्याचे आशीर्वाद द्यावयाचे, आणि मग कथा सुरू व्हावयाची. तेथेही पडद्याआड ढोलवादकाचे राज्य असते. नटाचे पाऊल, शिपायाची धाव, राणीचा निश्वास, सारे त्याच्या टिपरीवर.

बोली मावळते तेव्हा

हौगांग हे नावच पुढे घडलेल्या बदलाचे द्योतक आहे. तिओच्यू वस्तीच्या ह्या भागाला पूर्वी ‘आऊ कांग’ म्हणत. त्याच चिनी अक्षरांचा उच्चार सरकारी मँडरिन भाषेत ‘हौगांग’ होतो, आणि फलकांवर तोच आला. गाव तेच, अक्षरे तीच, परंतु आजीच्या तोंडचे नाव नातवाच्या पत्त्यात राहिले नाही.

सप्टेंबर १९७९ मध्ये सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू ह्यांनी ‘मँडरिन बोला’ ही मोहीम सुरू केली. बोली अनेक असल्याने चिनी लोकांचे आपसांतच संभाषण होत नाही, आणि मुलांवर इंग्रजी, मँडरिन आणि घरची बोली असा तिहेरी भार पडतो, असे त्यामागचे म्हणणे होते. शाळा चालविण्यात आयुष्य घालविलेल्या आम्हाला त्या म्हणण्यातील व्यवहार समजतो. पुढील काही वर्षांत आकाशवाणी आणि दूरदर्शनवरील बोलींचे कार्यक्रम बंद झाले. परिणाम आकड्यांत दिसतो. घरात प्रामुख्याने चिनी बोली बोलणाऱ्यांचे प्रमाण २०१० च्या जनगणनेत १४.३ टक्के होते. २०२० साली ते ८.७ टक्क्यांवर आले. चिनी रहिवाशांपैकी सुमारे एकपंचमांश लोक वंशाने तिओच्यू असूनही त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आता ही बोली ऐकू येत नाही.

ह्याचा पहिला फटका नाटकाला बसला. शब्द कळत नसेल तर तरुण प्रेक्षक रंगमंचापुढे किती वेळ बसेल? उत्सवांत आजही नाटके होतात, पण समोरच्या खुर्च्यांवर बहुधा वृद्धच असतात. थायलंडमध्ये तर निराळाच चमत्कार घडला आहे. तेथील तिओच्यू नाटकमंडळ्यांतून ईसान भागातील थाई कलावंत काम करतात. ते थाई लिपीत लिहिलेले तिओच्यू संवाद मुखोद्गत करतात आणि अस्खलित गातात. ज्यांची ती बोली, त्यांच्या मुलांना ती येत नाही. ज्यांची नव्हे, ते ती पोटासाठी पाठ करतात. ह्या दृश्याला हसावे की रडावे हे आम्हाला ठरविता येत नाही. त्या थाई कलावंतांना मात्र आदराने नमस्कार करावासा वाटतो.

ढोलाची गोष्ट मात्र वेगळी झाली. ढोलाला शब्द लागत नाहीत. बोली न येणारा पंधरा वर्षांचा मुलगा टिपरी उचलू शकतो, वर्षभरात मिरवणुकीत चालू शकतो. सिंगापुरात हौशी तिओच्यू संगीतमंडळांची परंपरा जुनी आहे. अर वू हे मंडळ १९१२ साली आणि थाउ योंग हे १९३१ साली स्थापन झाले. दिवसा पेढीवर काम आणि रात्री वादन, असे तेथील सभासदांचे जीवन असे. त्यांच्याखेरीज मंदिरांशी जोडलेली लहानमोठी पथके आहेत, आणि त्यांत आज तरुण मुले व मुलीही दिसतात. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे मिरवणुका थांबल्या होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ढोलही पुन्हा उभे राहिले. थायलंडच्या नाखोन सवान शहरात नववर्षाच्या देवीच्या मिरवणुकीतल्या वाद्यमेळाला लोक आजही ‘लो-को’ असेच म्हणतात. घंटा-ढोल ह्या अर्थाचा हा तिओच्यू शब्द थाई भाषेत जाऊन बसला आहे.

मग चिंता कशाची, असे कोणी विचारील. चिंता अशी की, ढोल शब्दावाचून वाजतो, परंतु शब्दावाचून शिकविता येत नाही आणि कथेवाचून समजत नाही. बोल बोलीत आहेत, स्वरांचे आकडे बोलीत आहेत. क्वान यूच्या पाच खिंडी ज्याने कधी ऐकल्या नाहीत, त्याला त्या रचनेत वेग कोठे वाढवावा हे सांगता येईल. तो का वाढवावा हे उमगणार नाही. मिरवणुकीची सोपी चाल टिकेल, बैठकीच्या थोर रचना मागे पडतील. गजर उरेल, वाक्य हरवेल. ज्या ढोलाने शंभर वर्षे एका समाजाला बोलते ठेवले, तो मुका न होताही अर्थहीन होऊ शकतो. खरा धोका हा आहे.

दिव्याने दिवा

तथापि ह्या हकीगतीला एक आशेची बाजूही आहे. १९६६ ते १९७६ ह्या दशकात खुद्द चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीची लाट उसळली. जुन्या चालीरीतींवर गदा आली, मंदिरे मोडली गेली, पालख्या निघेनाशा झाल्या. त्या काळात मायभूमीतले ढोल गप्प होते आणि सिंगापूर, मलेशिया, थायलंड, हाँगकाँग येथील वाजत होते. १९८० नंतर वातावरण निवळले. परदेशस्थ तिओच्यूंच्या देणग्यांनी गावोगावची मंदिरे पुन्हा उभी राहू लागली आणि उत्सव परतले. २००६ साली चाओचौ संगीताची नोंद चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत झाली. हाँगकाँगच्या तिओच्यूंचा सातव्या महिन्यातील पितरांचा उत्सव २०११ साली त्याच यादीत आला. आता मायभूमीतील गुरू परदेशातल्या मंडळांना शिकवावयास जातात. घर सोडून गेलेल्यांनी वात राखली, घराने ती पुन्हा पेटवून घेतली, आणि आज तेल घराकडून येते आहे. परदेशात वा परप्रांतात राहिलेला समाज म्हणजे मूळ वृक्षाची सुकत चाललेली फांदी, असे जे समजतात, त्यांनी ह्या घटनेचा विचार करावा.

आपल्याही इतिहासात ह्याचा एक पडताळा आहे. तंजावरात १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी मराठी गादी स्थापिली. तिच्या आश्रयाने मराठी कीर्तन तेथे रुजले. राज्य गेले, पुढे कीर्तनाची भाषा बदलली. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच कीर्तनाच्या साच्यातून तमिळ हरिकथा घडली आणि तिच्यात साकी, दिंडी, अभंग हे आपले छंद अजून ऐकू येतात. रूप टिकले, कारण कोणीतरी नुसते सूर न देता त्यामागचा अर्थही दुसऱ्याच्या स्वाधीन केला. अर्थ दिला नसता तर साकीचे नावही तेथे उरले नसते.

आपल्या घरांतील चित्र वाचकांना ठाऊकच आहे. गणपतीत ताशा वाजविण्यास मुले धावत येतात. आरती तोंडपाठ म्हणतात. पण शाळेची भाषा दुसरी, खेळाची तिसरी, आणि आरतीतील शब्दाचा अर्थ विचारला तर ती आईकडे पाहतात. त्यांना रागे भरण्यात अर्थ नाही. मुले नेहमी प्रथम तालच उचलतात. तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात आम्ही दुसरे काही पाहिलेले नाही. ताल हे दार आहे, आणि ते उघडे असणे ही भाग्याची गोष्ट. पण दारात उभ्या असलेल्या मुलाला हात धरून आत न्यावे लागते. तिओच्यू गुरूने टिपरी देताना क्वान यूची कथा सांगावी, आणि ती शिष्याला समजणाऱ्या भाषेत सांगून शेवटी चार शब्द तरी आपल्या बोलीत म्हणवून घ्यावेत. आपल्या आजोबांनीही ताशाची काडी नातवाच्या हाती देताना तेवढेच करावे. एवढे घडत राहील तोवर ढोलाची मातृभाषा जिवंत आहे असे समजावयास हरकत नाही.